एचआयव्ही पेशीला कसा मारतो, हे अजून किती वर्षं शोधत बसायचं?

साळुंकी:
अकरा वर्षं एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देतात तिथे) कौन्सेलर आहे (कुठल्या ते विचारू नका, नोकरी करायचीये अजून) आणि आज चिडून लिहितेय. परवाच्या ट्रेनिंगला दीड तास स्लाइड्स बघितल्या, व्हायरस प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींवरच्या सीडीफोरला कसा चिकटतो, मग त्याच पेशीवरचं दुसरं दार सीसीआरफाइव्ह, मग आत जाऊन आरएनएचा डीएनए, मग तो आपल्या डीएनएत घुसतो, रंगीत बाण वगैरे छान होतं सगळं. आणि इकडे आमचे व्हायरल लोडचे (रक्तात व्हायरस किती ते) रिपोर्ट महिनाभर अडकलेले.
माझं म्हणणं सरळ आहे. औषध आहे. २००४ पासून सरकार फुकट देतंय. रोज एक गोळी नीट घेतली की रक्तात व्हायरस सापडत नाही, आणि जोडीदाराला संबंधातून लागणही होत नाही. मग पेशीत डोकावून अजून काय बघायचं राहिलंय? माझ्या एक पेशंट बाई गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबतात, कारण एसटीत पिशवी हलली की खुळखुळ वाजतं आणि शेजारची विचारते कसल्या गोळ्या हो. लेबल तर पहिल्याच दिवशी ओलं करून खरवडलेलं. त्या कापसावर लिहिलाय का कोणी पेपर?

पिपेटवाला:
ताई, रिपोर्टवरचा राग शंभर टक्के मान्य. पण "काय राहिलंय" हे नाही पटत. आम्हीपण हेच शिकलो होतो की व्हायरस पेशीत शिरतो, पिल्लं काढतो, पेशी मरते, विषय संपला. २०१४ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमधे वॉर्नर ग्रीन यांच्या टीमने टॉन्सिल आणि प्लीहेच्या तुकड्यांवर (हो, तेच ऑपरेशनात काढतात ते टॉन्सिल) दाखवलं की मरणाऱ्या सीडीफोर पेशींतल्या (ज्यांच्यावर सीडीफोर असतं त्या) ९५ टक्के पेशींमधे इन्फेक्शन पूर्ण झालेलंच नसतं. व्हायरस आत येतो, डीएनए बनवायला घेतो आणि मधेच अडकतो, तो अर्धवट डीएनए पेशीतल्या आयएफआय१६ नावाच्या पहारेकऱ्याच्या नजरेला पडतो, आणि मग पेशी कॅस्पेस-१ नावाचं एन्झाइम चालू करून स्वतःच फुटते. चोर अजून दारात अडकलाय आणि मालकाने घर पेटवून दिलं. बरं, फुटली की आतला सगळा माल बाहेर, त्याने सूज, आणि सूज आली की आणखी सीडीफोर पेशी तिकडेच धावत येतात मरायला.

साळुंकी:
वाचायला भारी. औषध आलं का त्यावर?

पिपेटवाला:
नाही आलं. व्हीएक्स-७६५ म्हणून कॅस्पेस-१ अडवणारं एक आहे, ते लॅबमधे चाललं. एचआयव्हीसाठी दुकानात नाही.

हडपसरी:
बघा म्हणजे. मी ताईंच्या बाजूने. शिवाय यातलं बरंचसं संशोधन गोऱ्यांच्या व्हायरसवर, म्हणजे एचआयव्हीच्या सबटाइप बी या उपप्रकारावर. आपल्याकडे मुख्यतः सी आहे. त्या टिमोथी ब्राउनचं काय कौतुक, बर्लिनला २००७ मधे सीसीआरफाइव्ह नसलेल्या डोनरच्या पेशी घातल्या आणि एचआयव्ही गेला. अहो त्याला ल्युकेमिया होता म्हणून ते केलं, आणि सीसीआरफाइव्ह नाहीसं करणारा तो डेल्टा-३२ जनुकबदल उत्तर युरोपात शंभरात एखाद्याला आई-बाप दोन्हीकडून मिळतो, आपल्यात शोधूनही मिळायचा नाही. आपल्याला काय उपयोग?

कटिंगचाय:
मग ते सीसीआरफाइव्हचं जनुकच कापून टाका की 😄

पिपेटवाला:
केलं ना एकाने. चीनमधे हे जियानकुई (आडनावच "हे" आहे, टायपो नाही), २०१८ ला जुळ्या मुलींच्या भ्रूणात. तीन वर्षं जेल झाली. पुढे.
हडपसरी, बी वाला मुद्दा रास्त आहे, पण म्हणूनच तर इथे संशोधन पाहिजे ना? बेंगळुरूला जवाहरलाल नेहरू सेंटरमधे उदयकुमार रंगा यांच्या गटाने सी वरच काम केलंय. सी च्या टॅट नावाच्या प्रथिनात ३१ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन असतं, एवढाच फरक, आणि तेवढ्याने मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना ओढून घ्यायची त्याची ताकद घटते. २००४ चा पेपर. आपल्याकडे मेंदूवरचा त्रास कमी का दिसतो याचं हे एक कारण असू शकतं. स्लाइडवरचा बाण म्हणा हवं तर, पण तुमच्या पेशंटच्या डोक्यातला बाण आहे तो.

डॉ_पावभाजी:
मधे पडतो. व्हायरसचं कवच, कॅप्सिड, सुमारे १५०० प्रथिनांचा शंकू. त्याचा आकार कसा जमतो यावर अमेरिकेतल्या युटाचे संशोधक वेस्ली संडक्विस्ट नव्वदच्या दशकापासून बसलेत. तेव्हा साळुंकीताईंनी त्यांनाही विचारलं असतं, काय उपयोग. त्याच कवचाला धरणारं लेनाकापाविर हे औषध आलं. सहा महिन्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. २०२४ ला दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. शून्य.

हडपसरी:
आणि अमेरिकेत किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर, ते का गिळलंत डॉक्टर?

डॉ_पावभाजी:
गिळलं नाही, टाइप करत होतो. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी १२० देशांसाठी जेनेरिक वर्षाला ४० डॉलरला द्यायचं जाहीर केलंय, २०२७ पासून. २००१ ला सिप्लाने एचआयव्हीची औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची ऑफर दिली तेव्हाही लोक हसलेच होते.

साळुंकी:
सहा महिन्यातून एकदा म्हणजे बाटलीच नाही. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही सांगताय ते लागण होऊ नये म्हणून. माझ्या बाईंना झालेली आहे.

डॉ_पावभाजी:
हो. उपचारात ते सध्या बाकीची औषधं चालेनाशी झालेल्यांना देतात, आणि तेही दुसऱ्या औषधांच्या जोडीला. गोळी सुटत नाही.

पिपेटवाला:
आणि गोळी का सुटत नाही तेही पेशीतच आहे ताई. काही सीडीफोर पेशींच्या डीएनएत व्हायरस गप्प झोपून असतो, औषध त्याला शिवत नाही. अमेरिकेतले संशोधक सिलिसियानो यांच्या हिशोबाने तो साठा आपोआप संपायला ७३ वर्षं लागतील. तुमच्या बाईंनी गोळ्या सोडल्या तर काही आठवड्यात तोच उठतो. त्याला कसं उठवायचं किंवा कायमचं कसं झोपवायचं, आम्ही त्यावरच बसलोय.

साळुंकी:
बसा. पण त्या ७३ वर्षांतला दर महिन्याचा डबा त्यांना कोणीतरी हातात द्यायला लागतो, आणि आमच्याकडे त्या कामाला दोन माणसं आहेत, त्यातलं एक रजेवर. तुमचं म्हणणं खोटं नाही, माझंही नाही. असो, रिपोर्ट आले आज संध्याकाळी, पूर्ण गठ्ठा. उद्या पहिला फोन कापूसवाल्या बाईंना.