सोरेंतो ते ताओर्मिना एका दिवसात बसने: सासूबाईंना झेपेल का?

डोंबिवलीची_सून
मंडळी, सप्टेंबरात ग्रुप टूरने इटलीला चाललोय. सातव्या दिवसापुढे नुसतं छापलंय, 'सोरेंतो ते ताओर्मिना, निसर्गरम्य प्रवास'. नकाशात मोजलं तर पाचशे किलोमीटरच्या वर! सासूबाई बहात्तरच्या, गुडघे दुखतात, मधुमेह आहे, त्यात शुद्ध शाकाहारी. हा दिवस कुणी काढलाय का? बसमध्ये बाथरूम असतं ना?

चिपळूणच्या_काकू
काढलाय बाई, मागच्या मे महिन्यात, आमच्या ह्यांना सोबत घेऊन. सकाळी साडेसातला निघालो, हॉटेलात पाय टेकले तेव्हा सहा वाजून गेले होते. बाथरूम होतं, पण कुलूपबंद. "अगदीच अडलं तर किल्ली देईन," असं ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी बजावलेलं. मागायची वेळ आली नाही, कारण तिकडे साडेचार तास गाडी हाकली की 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, यंत्रात नोंद होते. आमचा तर दोन-सव्वादोन तासांनी थांबायचा.

थांब्यावर कॉफीचे पैसे आधी गल्ल्यावर द्यायचे आणि पावती काउंटरवर दाखवायची. हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमचे हे दहा मिनिटं काउंटरला टेकून उभे, कुणी ढुंकून बघेना. शेवटी मिळाली ती कॉफी दोन घोटांची! पाणी घेताना 'नातुराले' बघून घ्या, नाहीतर बुडबुड्यांचं गळ्यात पडतं. सुट्टी नाणी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, काही ठिकाणी स्वच्छतागृहाला लागतात.

आता बसमध्ये कुठल्या बाजूला बसायचं ते. सालेर्नोपासून रेज्जोकडे जाणारा ए-2 रस्ता धरतात. मध्ये पोल्लिनोच्या डोंगरात समुद्र गायब, नुसता बोगदा, पूल, बोगदा, पूल. कोकण रेल्वेने गेलेल्यांना नवल नाही, पण पुलांची उंची बघून मी खिडकीचा पडदा ओढला. पुढे लामेझियाच्या अलीकडे समुद्र परत येतो तो उजव्या हाताला. बान्यारानंतर तर रस्ता कड्यावरून जातो आणि समोर सिसिली बेट दिसायला लागतं, ताओर्मिना तिथेच. म्हणून बोटीपर्यंत उजवी बाजू. बोटीने पलीकडे मेस्सिनाला उतरलात की समुद्र डावीकडे. आमच्या टूर मॅनेजरने रोज जागा फिरवल्या, त्या दिवशी मी डावीकडे. शेजारच्या नागपूरच्या वहिनींशी अदलाबदल केली, दोन बाकरवड्यांच्या बदल्यात.

खरी अडचण बोटीवर. अलीकडच्या व्हिला सान जोव्हानी बंदरात बस थेट बोटीच्या पोटात शिरते, आपण उतरून वर जायचं. आमच्या बोटीचा जिना अरुंद आणि चांगलाच उभा होता. प्रवास वीसेक मिनिटांचाच, पण आईंचे गुडघे बघता मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

खादाड_पुणेकर
बोटीवर अरांचिनी मिळतात, भाताचे तळलेले गोळे. आईंना देण्याआधी खात्री करा. बहुतेकांत मांसाचं सारण असतं. 'अल बुर्रो', म्हणजे लोण्याचा, ऐकून भुलू नका, त्यात हॅम घालतात. नुसतं 'कार्ने', म्हणजे मांस, नको म्हणून भागत नाही, 'प्रोशुत्तो', म्हणजे हॅम, पण नको म्हणायचं.

सावंतवाडीकर
त्या ए-2 च्या रुंदीकरणाने इटालियन लोकांना वीसेक वर्षं रडवलं, 2016 च्या डिसेंबरात एकदाचं पुरं झालं म्हणून जाहीर केलं. आम्ही मुंबई-गोवावाले अजून वाट बघतोय. 😀 शिवाय त्या रस्त्याला टोल नाही.

डोंबिवलीची_सून
काकू, जिन्याचं बरं सांगितलंत! आईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "जिना चढेन मी हळूहळू, पण डब्यात थालीपीठ हवं." बसमध्ये खाऊ देतात का?

चिपळूणच्या_काकू
आमच्याकडे वासाचं आणि गरम नको म्हणाले होते. कोरडं चाललं. थालीपिठाचा कांदा मागच्या रांगेपर्यंत घमघमेल, त्यापेक्षा दशम्या न्या. आणि आईंच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग बसच्या पोटात जाते.