जुन्या आउटडोअर बॉयलरसाठी सरपण: ओकच घ्यावं की मिळेल ते?

ओसरी

नमस्कार. न्यूयॉर्क राज्यात, इथाकाच्या उत्तरेला खेड्यात घर घेतलंय. घरापासून साठ फुटांवर लाकडाचा बॉयलर आहे आणि गरम पाणी जमिनीखालच्या पाइपातून तळघरात येतं. बॉयलर जुन्या पद्धतीचा आहे, गॅसिफिकेशनचा (लाकडातून निघणारा वायू वेगळा, पूर्ण जाळणारा) नाही. पाणी गार झालं की पंखा सुरू होतो, तापलं की बंद. भट्टीची खोली ४० इंच. तेलावर पूर्ण हिवाळा काढला तर सुमारे ८०० गॅलन तेल लागतं, असं जुन्या बिलांवरून दिसतं.

आता मे चालू आहे. एक जण 'सीझन्ड' (वाळवलेलं) ओक म्हणून १० फेस कॉर्ड (इथलं सरपणाचं माप) देतोय. दुसरा ट्रकभर अखंड ओंडके देईल, ते ओले आणि मिश्र झाडांचे. शिवाय मागच्या रानात उभ्या-उभ्या वाळलेली दहा-बारा अ‍ॅशची झाडं आहेत. हिवाळ्याला किती लाकूड धरायचं आणि यातलं काय घ्यायचं? पाइन अजिबात घालू नये असं सगळे सांगतात, ते खरं का?

निखारा

आधी हिशेब करू, म्हणजे फेस कॉर्डचा घोळ सुटेल.

एक गॅलन तेलात सुमारे १,३८,५०० बीटीयू उष्णता असते. ८०० गॅलन म्हणजे साधारण ११० दशलक्ष बीटीयू. तेलाची भट्टी ८५ टक्के कार्यक्षम धरली, तर घराला प्रत्यक्ष लागते ९४ दशलक्ष. वाळलेल्या, मिश्र कठीण लाकडाच्या एका कॉर्डात २२ दशलक्ष धरा. तुमच्यासारख्या बॉयलरमधून त्यातले ४५ टक्के घरात पोचले तरी खूप. म्हणजे कॉर्डमागे दहाच्या आसपास. साडेनऊ कॉर्ड झाले. साठ फूट पाइपात उष्णता जाणारच, तेव्हा ११ कॉर्ड धरून चाला. गॅसिफिकेशनचा बॉयलर असता तर सहा-सात कॉर्डांत भागलं असतं.

कॉर्ड म्हणजे ४ फूट रुंद, ४ फूट उंच, ८ फूट लांब अशी नीट रचलेली रास, १२८ घनफूट. फेस कॉर्डाची उंची-लांबी तेवढीच, पण रुंदी फक्त एका तुकड्याच्या लांबीइतकी. तुकडा १६ इंची असेल तर तो कॉर्डाचा एक तृतीयांश झाला. म्हणजे १० फेस कॉर्ड घेतले तरी हाती येतात सव्वातीन कॉर्ड, डिसेंबरअखेर संपतील. भाव विचारताना तुकड्याची लांबी आधी विचारा आणि पैसे रचलेल्या राशीवर द्या, ट्रकमध्ये फेकलेल्या ढिगावर नको. तुमच्या भट्टीला १६ इंची तुकडे हवेतच कशाला? २४ ते ३० इंची चालतात, कापायचे कष्टही वाचतात.

घणपाचर

जातीबद्दल. एका किलोला सगळीच वाळलेली लाकडं जवळपास सारखी उष्णता देतात, फरक पडतो तो घनतेचा. आपल्याकडे बाभूळ आणि पांगारा यांत जो फरक, तोच इथे हिकरी आणि बासवुडमध्ये. कॉर्डमागे दशलक्ष बीटीयूत साधारण आकडे असे: हिकरी २७-२८, व्हाइट ओक २६, शुगर मेपल, बीच आणि रेड ओक २४, अ‍ॅश २३-२४, ब्लॅक चेरी आणि पांढरा बर्च २०, रेड मेपल १९, अ‍ॅस्पेन आणि व्हाइट पाइन १४-१५, बासवुड १३-१४.

नुसतं 'मेपल' म्हणून विकलं तर कोणतं ते विचारा. शुगर आणि रेड यांत पाचाचा फरक आहे. एल्म २० च्या आसपास देतं, पण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. घण-पाचरीने फुटत नाही, हायड्रॉलिक स्प्लिटर लागतो.

पाइनचं म्हणाल तर दोष पाइनचा नाही, ओल्या पाइनचा आहे. धुराड्यात चिकट डांबरासारखा जो थर बसतो, क्रिओसोट म्हणतात त्याला, तो राळेमुळे होत नाही. धूर अर्धवट जळून थंड पत्र्यावर गोठला की होतो, मग लाकूड कुठलंही असो. खडखडीत वाळलेलं पाइन ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये उत्तम. झटकन पेटतं, पाणी तापवतं, संपतं. जानेवारीच्या रात्री मात्र त्याचे निखारे टिकत नाहीत.

सरळधारी

वरच्यांशी सहमत, पण 'सीझन्ड ओक' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. ओक वाळायला सर्वांत चेंगट. फोडून, उन्हा-वाऱ्यात रचूनही दोन उन्हाळे घेतो. मागच्या शरदात कापून नुकतंच फोडलेलं ओक विकणारे याला 'सीझन्ड' म्हणतात, आणि ते या हिवाळ्यात तुमच्या कामाचं नाही. यंदा जाळायला अ‍ॅश, चेरी, रेड मेपल घ्या. ओक घ्यायचं तर पुढच्या-परवाच्या वर्षासाठी.

ओलं लाकूड इतकं का नडतं ते नीट समजून घ्या. ताज्या रेड ओकच्या कॉर्डात वाळलेल्यापेक्षा सुमारे ६०० किलो पाणी जास्त असतं. त्याची वाफ करायला जाणारी उष्णता दीड दशलक्ष बीटीयूच्या आसपास, म्हणजे २४ पैकी दीड. तेवढ्यावर भागलं असतं तर कुणी तक्रार केली नसती. खरा घाटा असा की त्या वाफेने आगच थंड पडते. लाकडातून निघणारा वायू पेटायला सहाशे सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. ते मिळालं नाही की तो वायू धूर होऊन निघून जातो, आणि लाकडातली अर्ध्याहून अधिक उष्णता या वायूतच असते. तुमच्या बॉयलरमध्ये भर म्हणजे पाणी तापलं की पंखा थांबतो आणि लाकूड तासन्‌तास धुमसत राहतं. धूर शेजाऱ्याच्या खिडकीत, डांबर तुमच्या भट्टीत.

ओसरी

खूप उपयोगी. ओलावा मापायचं पिन असलेलं मीटर आणलं. त्या 'सीझन्ड ओक'च्या तुकड्यांच्या टोकांवर १८ ते २१ आलं. मग ते वाळलेलंच म्हणायचं ना? रानातल्या अ‍ॅशचं काय करू?

सरळधारी

टोकावर मोजू नका. टोक सर्वांत आधी वाळतं, आतलं ओलं राहतं. ढिगाच्या मधले चार-पाच जाड तुकडे काढा, तिथेच कुऱ्हाडीने फोडा आणि नुकत्या उघडलेल्या पृष्ठाच्या मध्यावर, तंतूंच्या दिशेने पिना दाबून रोवा. बहुतेक मीटर कोरड्या वजनाच्या हिशेबाने आकडा दाखवतात. त्यावर २५ दिसलं की एकूण वजनाच्या हिशेबाने २० टक्के. लाकडाबद्दल सगळीकडे जे '२० टक्के' सांगतात ते हे दुसरं. तेव्हा मीटरवर २५ पर्यंत आलं तर घ्या, ३५ आलं तर परत पाठवा. हिवाळ्यात मोजायचं झालं तर तुकडा आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गोठलेल्या लाकडाचा आकडा फसवा असतो.

मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं ठणठणतं, ओलं बद्द वाजतं.

घणपाचर

अ‍ॅशबद्दल. ही झाडं एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने मेली असणार. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि तेव्हापासून अ‍ॅशची रानं संपवत चाललाय. अ‍ॅश मुळातच कमी पाण्याचं लाकूड, त्यामुळे यंदाच्या हिवाळ्यासाठी तुमच्याकडचं सर्वांत चांगलं सरपण हेच. पण उभं वाळलंय म्हणून थेट भट्टीत नको. वरच्या फांद्या तयार असतील, बुंध्याच्या खालच्या आठ-दहा फुटांत अजून भरपूर ओल असते. तो भाग आत्ता, मे-जूनमध्येच फोडून रचा.

आणि ही झाडं स्वतः पाडू नका. बोररने मेलेलं अ‍ॅश ठिसूळ होतं. करवतीच्या हादऱ्यानेच वरची फांदी तुटून डोक्यात येते, खोड मधूनच उभं चिरतं. अनुभवी, विमा असलेला लाकूडतोड्या बोलवा, त्याला फक्त पाडायचे पैसे द्या, कापणं-फोडणं तुम्ही करा. बाहेरून लाकूड आणाल तर या राज्यात उष्णतेची प्रक्रिया न केलेलं सरपण मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे. या किड्यांचा दूरवर प्रसार मुख्यतः सरपणातून होतो.

बुंध्यावर केसाळ दोरखंडासारखी वेल चढलेली दिसली तर ते लाकूड बाजूला ठेवा. ती पॉयझन आयव्ही. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली, चीकही तसाच भाजणारा. पानं गळली तरी वेलीत चीक असतो, आणि ती जाळली तर धुरातून थेट फुप्फुसात जातो. हातमोजे घालून वेल सोलून काढा, पण जाळू नका, कुजू द्या.

निखारा

रचण्याबद्दल थोडं, कारण निम्मं काम तिथेच होतं. जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी पॅलेट घाला. एकेरी ओळ, वाऱ्याला आडवी, उन्हाच्या बाजूला. दोन ओळींत हातभर अंतर. वर पत्रा किंवा ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू उघड्या. पूर्ण गुंडाळली की आत घाम धरून बुरशी येते. साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून सहा इंचांहून जाड गोल ओंडका फोडल्याशिवाय वाळत नाही. 'या बॉयलरला अखंड ओंडका चालतो' असं विक्रेते सांगतात. दारातून आत जातो हे खरं, नीट जळत नाही हेही खरं.

पिकअपमधून स्वतः आणणार असाल तर आठ फुटी हौद्यात शीगभर रचून अर्धा कॉर्ड बसतो. ओलं रेड ओक असेल तर तेवढ्याचंच वजन १,१०० किलोच्या आसपास जातं, जे बऱ्याच लहान पिकअपना झेपत नाही.

भट्टी भरताना बारा तासांना पुरेल इतकंच भरा. उबदार दिवसांत तोंडापर्यंत भरलं तर पंखा बंदच राहणार आणि सगळं लाकूड धुमसून डांबर होणार.

वावर

काय जाळू नये ते राहिलं. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, दाबाखाली रसायन भरलेलं बांधकामाचं लाकूड नको. २००४ च्या आधीच्या डेक-कुंपणाच्या बहुतेक लाकडात आर्सेनिक असतं आणि ते राखेत उरतं, ती राख परसात पडली तर आणखी वाईट. कचरा, प्लास्टिक तर नकोच, क्लोरिनमुळे भट्टीचा पत्रा खाल्ला जातो.

पत्र्याचंच आणखी एक. घरातून परतणारं पाणी ६० सेल्सियसच्या खाली गेलं तर भट्टीच्या आतल्या भिंतींवर आम्लाचा घाम धरतो आणि पत्रा आतून गंजतो. लाकूड कितीही वाळलेलं असलं तरी हे होतं. परतीच्या नळीवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणारी झडप) आहे का, ते या उन्हाळ्यात पाहून घ्या.

ओसरी

ओकचे चार तुकडे फोडून मोजले. मधोमध ३६ ते ४१. विकणाऱ्याला 'नको' असं कळवलं. आता बेत असा: रानातल्या अ‍ॅशचे अंदाजे पाच कॉर्ड, चेरी-रेड मेपल फोडलेलं आणि मीटर लावून तपासलेलं सहा कॉर्ड, आणि ओले मिश्र ओंडके एक ट्रक पुढच्या दोन वर्षांसाठी. ट्रकमधले ओक आणि बाकीचं लाकूड एकत्र रचलं तर चालेल?

सरळधारी

वेगळं रचा. चेरी, बर्च, मेपल एका वर्षात तयार होतील, ओक तेव्हा अर्धं ओलं असेल आणि सरमिसळ राशीतून ते नेमकं कडाक्याच्या रात्री हाताला लागेल. प्रत्येक राशीच्या टोकाच्या तुकड्यावर फोडल्याचा महिना आणि वर्ष ऑइल पेंटने लिहून ठेवा. रंगवलेला तो एक तुकडा शेवटी भट्टीत जाऊ देऊ नका, पुढच्या राशीला वापरा.