'डिफरन्शिएशन'ला विभेदन म्हणावं की विशेषीकरण?

शाईफुली: पेशींवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. 'डिफरन्शिएशन' म्हणजे साध्या पेशीची हळूहळू चेतापेशी, यकृताची पेशी अशी खास पेशी होत जाणं. त्यासाठी मी 'विभेदन' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'विशेषीकरण' केलं. विभेदन वाचून कुणाला बोध होत नाही म्हणाले. पण लेखात 'स्पेशलायझेशन' वेगळं येतं आणि 'डिटर्मिनेशन'ही येतं. फळमाशीच्या अळीत पेशींचे काही पुंजके असतात. त्यातून पाय होणार की पंख, हे आधीच ठरलेलं असतं, पण पेशी अजून तशा झालेल्या नसतात. आधी ठरणं, मग होणं. तिन्हींना एकच शब्द कसा चालेल?

जुना विद्यार्थी: ताई, विभेदनच ठेवा, मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी होतात त्यांच्या, संदर्भात तो रुळलाय. गणितात विकलन म्हणतात, म्हणजे गल्लतही नाही. विभेदन ही वाट, विशेषीकरण हा मुक्काम. ठरण्याला 'निर्धारण'.

काठावरून: विभेदन म्हटलं की भेदणं, फोडणं डोळ्यांसमोर येतं. इथे काय फुटतं? चेतापेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच, फक्त कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद एवढंच वेगळं. 1962 साली जॉन गर्डन यांनी बेडूकमाशाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेऊन, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं. अशा काही अंड्यांतून धडधाकट बेडूकमासे निघाले. आतड्याच्या पेशीने काहीच गमावलं नव्हतं! म्हणून मी 'घडण' म्हणेन. पेशी घडते.

जुना विद्यार्थी: उलट्या दिशेला काय म्हणाल? 2006 मध्ये यामानाका यांनी उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूलपेशींसारखं केलं. घडण्याच्या उलट बिघडणं, आणि तिथे बिघडलेलं तर काहीच नाही.

सरळरेघ: लेखात 'डीएनएची प्रत काढली जाते' असं वाक्य असेल तर आधी ते बदला. प्रत म्हटली की मूळ कागद बाजूला शाबूत राहतो. डीएनएत तसं होत नाही. दोन धागे सुटतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला जातो, त्यामुळे दोन्ही रेणूंत अर्धं जुनं, अर्धं नवं. मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये हे दाखवलं. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू साध्या नायट्रोजनवर आणले, तर एका पिढीनंतर सगळा डीएनए मधल्याच वजनाचा. मूळ कुठलं आणि प्रत कुठली, सांगा. आपल्याकडे 'दुणावणे' हे सुंदर क्रियापद पडून आहे. पेशी विभागण्याआधी डीएनए दुणावतो.

निळी दौत: उत्साह दुणावतो, दुखणं दुणावतं. त्यात फक्त प्रमाण येतं, क्रम येत नाही. डीएनएच्या धाग्यांवर ए, टी, जी, सी अशी चार रासायनिक 'अक्षरं' असतात. माणसाच्या एका पेशीत त्यांच्या सुमारे 600 कोटी जोड्या असतात आणि ए-समोर टी, जी-समोर सी हा नेम पाळत त्या उतरवल्या जातात. ती अचूकता 'प्रतिकरण'मध्ये थोडी तरी आहे.

सरळरेघ: प्रतिकरण हा शब्द घरात कोण बोलतं?

निळी दौत: घरात डीएनएबद्दलही कोण बोलतं? शास्त्राला शास्त्राचे शब्द लागतात. 'सूत्री विभाजन'च बघा, म्हणजे एका पेशीच्या तशाच दोन पेशी होणं, मायटोसिस. एका मुलीने मला विचारलं होतं, यात सूत्र कुठलं वापरायचं? तिला सूत्र म्हणजे गणितातलंच माहीत. सूत्र म्हणजे धागा, आणि फ्लेमिंग यांनी 1882 मध्ये मायटोसिस हे नावही धाग्याच्या ग्रीक शब्दावरूनच दिलं, हे सांगितलं तेव्हा तिला ते चटकन पटलं. संस्कृत शब्दाचा हाच उपयोग, उलगडून दाखवता येतो.

काठावरून: बीजपेशी होतात त्या विभाजनाला 'अर्धसूत्री' म्हणतात, ते मात्र उलगडून दाखवा. अर्धा धागा? अर्धी होते ती गुणसूत्रांची संख्या, 46 ची 23. 'अर्धगुणसूत्री' लिहिणारे बरोबर करतात.

शाईफुली: 'निर्धारण' टिपून ठेवलं, पण औषधनिर्धारण, करनिर्धारण असं वाचत आलेल्या माणसाला पेशीचं भवितव्य त्यात दिसेल का?

पोथीवाला: मुळात 'पेशी'च चुकीची आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात 500 पेशी सांगितल्यात, त्या मांसाच्या. हिंदीत आजही मांसपेशी. मराठी विश्वकोशाने 'कोशिका' वापरला, तो अचूक आहे. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या कापात बघितल्या त्या रिकाम्या कोठड्याच होत्या.

निळी दौत: त्याच सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आहेत आणि ते मांसाचे नाहीत, बांधून ठेवणारे आहेत. आपण मसलला स्नायू म्हणतो. तोही परत करायचा का?

पोथीवाला: स्नायू लोकांनी बदलला. पेशी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बदलली. माझा आक्षेप तिथे आहे.

सरळरेघ: आता तीही लोकांचीच झाली. रक्ताचा अहवाल हातात धरून कुणीही म्हणतं, 'पांढऱ्या पेशी वाढल्यात.' तिथे 'पांढऱ्या कोशिका' म्हणून बघा.