विषय: पीए (फिजिशियन असिस्टंट) की एनपी (नर्स प्रॅक्टिशनर)? बायकोसाठी माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,
बायको पुण्याहून बीएएमएस करून आलीये, तिकडे क्लिनिक पण होतं, इथे डॅलसला एच-४ वर (माझ्या एच-१बी वरचा डिपेंडंट व्हिसा) घरी बसून कंटाळलीये. लोक म्हणतात पीए नाहीतर एनपी कर, दोन वर्षांत होतं. काम काय असतं आणि पगार किती, कोणी या लाइनमध्ये आहे का?

---

दादा, मी इथेच टेक्सासमध्ये ऑर्थोत पीए आहे. पगार बघून ठरवू नका, लेबर डिपार्टमेंटच्या मे २०२३ च्या आकड्यांत पीएचा मीडियन (मधला) वार्षिक पगार १,३०,०२० डॉलर आणि एनपीचा १,२६,२६०, म्हणजे उन्नीस-बीस. रस्ता बघा. एनपीसाठी आधी आरएन (रजिस्टर्ड नर्स) व्हावं लागतं, बीएएमएस तिथे चालत नाही, म्हणजे नर्सिंगची डिग्री, एनसीएलेक्स (नर्सिंग लायसन्सची परीक्षा) आणि मग मास्टर्स. पीएचा कोर्स साधारण २७ महिन्यांचा, पण बहुतेक प्रोग्रॅम त्याआधी पेशंट केअरचे तास मागतात, तेही शक्यतो पगारी नोकरीतले, आणि एच-४ वर ईएडी (वर्क परमिट) नसेल तर नोकरीच करता येत नाही. खरी अडचण इथे आहे, कोणी आधी सांगत नाही. फेडरल लोनही या व्हिसावर मिळत नाही.

काम म्हणाल तर पहाटे राऊंड, ड्रेन काढायचे, मग ओटीत फर्स्ट असिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनला मदत. सर्जन गुडघा बसवून पुढच्या केसला जातो, टाके, ड्रेसिंग, ऑर्डर्स, नातेवाइकांशी बोलणं सगळं माझ्याकडे. मला मनापासून आवडतं. पण टेक्सासमध्ये औषध लिहायला डॉक्टरशी अ‍ॅग्रीमेंट लागतंच, पीएला पण आणि एनपीला पण.

---

मी न्यू मेक्सिकोत फॅमिली एनपी आहे. ताईचं बरोबर आहे, फक्त एक सांगते, नर्सिंगचा रस्ता लांब असला तरी मधे कमाई चालू राहते, आरएनचा मीडियन त्याच वर्षी ८६,०७० होता आणि नोकरी करत करत मास्टर्स होतं. पीएच्या कोर्सात नोकरी जवळजवळ अशक्य. शिवाय इथे एनपीला डॉक्टरच्या सहीची गरज नाही, स्वतःचं क्लिनिक काढता येतं, वहिनींना तिकडच्यासारखं हवं असेल तर याचा विचार करा. उलट पीए ऑर्थोतून उद्या डर्मला (त्वचारोग) जाऊ शकते, मला सायकला (मानसोपचार) जायचं तर परत शिकून वेगळं सर्टिफिकेशन. आणि हो, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) दोघींच्या कामाचे डॉक्टरच्या रेटच्या ८५ टक्केच देतं, पगाराची बोलणी करताना हॉस्पिटलवाले हे बरोबर काढतात.

---

दोघी ताईंचे खूप आभार. माझं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) अप्रूव्ह आहे, त्यामुळे या वीकेंडला तिच्या ईएडीचा फॉर्म भरतो. तोपर्यंत कम्युनिटी कॉलेजला अ‍ॅनाटॉमी घे म्हणतोय, ते दोन्हीकडे लागेल ना?