मदत हवी आहे: 11 महिन्यांची मुलगी, आईची रजा संपली, बापाला काय मिळतं?

नमस्कार मंडळी. मी वाळूजला खासगी कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. बायको पैठण तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका, रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. तिची 180 दिवसांची प्रसूती रजा झाली, मग बालसंगोपन रजेतले यंदाचे दोन महिनेही संपले. ती रजा अख्ख्या नोकरीत 180 दिवस आणि वर्षाला दोनच महिने. उरलेली मुलीच्या दहावीसाठी ठेवायची असं तिचं म्हणणं, तेही बरोबरच.

आतापर्यंत माझ्या आईनं निभावलं. पण गंगाखेडकडं आमची कापसाची वेचणी लागलीय, दसऱ्यानंतर ती गावी जाणार.

म्हटलं आता माझी पाळी. नियम काढून बसलो. 2018 च्या शासन निर्णयात राज्य सरकारी नोकरीतल्या पुरुषाला बालसंगोपन रजा आहे, पण पत्नी वारलेली असेल किंवा आजारानं अंथरुणाला खिळलेली असेल तरच. धडधाकट बायकोच्या नवऱ्यानं लेकरू सांभाळावं हे कुणाच्या मनातच आलेलं दिसत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निदान 15 दिवस पितृत्व रजा असते. खासगीत तेवढीही कायद्यानं नाही. आईचं तर वेगळंच, "बाप्या माणसानं लेकरू घेऊन घरी बसायचं व्हय?"

खरा प्रश्न पाळणाघराचा आहे. प्रसूती लाभ कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली, तेव्हा 26 आठवड्यांच्या रजेसोबत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. आमच्याकडं खोली आहे, पण एचआर म्हणतो ती फक्त लेडीज स्टाफसाठी. मी वाचलं त्यात दिवसातून चार वेळा बाळाकडं जायची मुभा आईला दिलीय, बापाचं नावच नाही. पण 50 माणसं मोजताना आम्ही चालतो आणि आमचं लेकरू ठेवायचं म्हटलं की चालत नाही, हे कसं?

कुणा बापानं कंपनीच्या पाळणाघरात मूल ठेवलंय का? अर्ज कसा लिहिला? एचआरनं नाही म्हटलं तर कामगार उपायुक्तांकडं गेल्यानं काही होतं, की नुसतं डोळ्यावर यायचं? अंगणवाडीचं सुचवू नका, तिथं बसायला तीन वर्षांचं मूल लागतं. पाळणा योजनेतली अंगणवाडीला जोडलेली पाळणाघरं सहा महिन्यांपासून घेतात म्हणे, वाळूज-बजाजनगर भागात एखादं खरंच चालू आहे का?

आणि शेवटची शिफ्ट असणाऱ्यांनी सांगा, रात्री साडेअकराला घरी आल्यावर सकाळी सहाला उठणाऱ्या पोरीला दिवसभर कसं सांभाळता? आईला मी दसऱ्यापर्यंतच थांबवलंय.