मदत हवी आहे: रात्रीच्या भाकरी-उसळीचं गणित जमत नाहीये

चार माणसांचं सोमवार ते शुक्रवारचं रात्रीचं जेवण ठरवलंय. तीन दिवस ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, दोन दिवस मूगडाळीची खिचडी (१ वाटी तांदूळ, १ वाटी डाळ, वर लाल भोपळा नि गाजर), सोबत कोशिंबीर. खिचडीला काही अडचण नाही.

मटकी १० तास भिजवून, निथळून फडक्यात बांधली की मोड छान येतात. पण दोन-तीन दिवसांची एकदम करून फ्रीजमध्ये ठेवली की चिकट होते, वास येतो. ओल राहत असावी. मोड आल्यावर न धुता कोरडी ठेवायची, की वाफवून फ्रीझरमध्ये?

भाकरीचं दुखणं वेगळं. ज्वारीत ग्लूटेन (गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) नसल्यामुळे पीठ जुनं झालं की थापताना कडा चिरतात. वाटीभर पिठाला वाटीभर उकळतं पाणी घालून, झाकून, कोमट असताना मळलं की चिरा जातात. ही उकड सकाळी काढून ठेवली तर संध्याकाळपर्यंत टिकेल का, की आंबूस होईल? पीठ थोडं थोडंच दळून आणा हे सांगू नका, गिरणीवाले दोन किलोच्या आत दळत नाहीत!