पद्मिनीच्या इंजिनातून ७५ अश्वशक्ती : आराखडा की हट्ट?

घाटमाथा

गेल्या आठवड्यात 'रेडलाइन' या सदस्याने आपल्या १९७६ च्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन नव्याने बांधण्याचा बेत येथे मांडला. एक मिलिमीटर रिबोअर (सिलिंडर तासून रुंद करणे), नऊचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते), रेसिंगचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), जुळे वेबर कार्ब्युरेटर, मिनिटाला ६५०० फेऱ्यांपर्यंतची मजल आणि या सर्वांतून ७५ अश्वशक्ती, असा तो बेत होता. त्याखाली पडलेली शाबासकीची रास पाहून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिलिमीटर आहे. बोअर ६९ केला की १०८९ चे ११२२ सीसी होतात, म्हणजे सगळी मिळकत तेहेतीस सीसी, जेमतेम तीन टक्के. रिबोअर हा झिजलेल्या सिलिंडरवरचा इलाज आहे. ताकदीसाठी ब्लॉकची भिंत पातळ करून घेणे हा तोट्याचा सौदा आहे. मूळ इंजिन ४८०० फेऱ्यांना सुमारे ४० अश्वशक्ती देते. ६५०० फेऱ्यांनाही सिलिंडर तितकेच भरतात असे उदार मनाने मान्य केले आणि वर ते तीन टक्के मिळवले, तरी आकडा ५६ पर्यंतच जातो. वाढीव कॉम्प्रेशनचे पाच-सहा टक्के धरले तर ५९. उरलेली सोळा अश्वशक्ती कोठून येणार, याचे उत्तर त्या बेतात कोठेही नाही.

कॉम्प्रेशनचे तरी कसे करणार? मूळ रेशो साडेसातच्या घरात धरला तर नऊ गाठण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे सात घन सेंटिमीटर जागा कमी करावी लागते. हे सगळे केवळ हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, घासून साधायचे म्हटले तर जवळजवळ दोन मिलिमीटर धातू उडवावा लागेल, आणि हेडमधला ज्वलनाचा चेंबर बोअरपेक्षा अरुंद असेल तर त्याहूनही अधिक. त्यानंतर व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या पुशरॉडची लांबी आणि रॉकरचा कोन हे दोन्ही प्रश्न आपोआप उभे राहतात. मी हे पुस्तकातून सांगत नाही. १९९६ मध्ये माझ्या पद्मिनीचे हेड एका वर्कशॉपने असेच उत्साहाने घासून दिले होते. पहिल्याच महिन्यात बोरघाटात चढावर खडखडाट सुरू झाला आणि खोपोलीला परत येईपर्यंत तिसऱ्या पिस्टनवरची रिंग धरणारी पट्टी तुटलेली होती. ते बिल मी अजूनही जपून ठेवले आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत साधा आहे. या क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, आधार देणारी मेन बेअरिंग तीनच आहेत. पिस्टन आणि रॉडवरचा जडत्वाचा भार फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४८०० वरून ६५०० वर जाताना तो सुमारे १.८ पट होतो. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ज्या बेतात ब्रेक, रेडिएटर आणि क्रँकचे बॅलन्सिंग यांचा उल्लेखसुद्धा नाही आणि कार्ब्युरेटर मात्र जुळे आहेत, तो बेत उलट्या टोकाने सुरू झालेला आहे.

रेडलाइन

एवढे गणित मांडण्याचे कष्ट घेतल्याबद्दल आभार. आता थोडा इतिहासही पाहू. मोडेना येथील स्टँग्वेलिनी यांनी १९५९ च्या सुमारास फॉर्म्युला ज्युनिअर या वर्गातल्या शर्यतीच्या गाड्या याच, म्हणजे पद्मिनीचे मूळ असलेल्या फियाट ११०० च्या इंजिनावर बांधल्या, आणि त्यांच्या उत्तम इंजिनांची ताकद शंभराच्या जवळ पोहोचली होती. क्रँकला बेअरिंग तेव्हाही तीनच होती. खुद्द फियाटने १९५३ मध्ये ११०० ची 'टीव्ही' ही आवृत्ती काढली, तिची ताकद पन्नासच्या आसपास होती आणि ती रोज वापरायची घरगुती गाडी होती. कुर्ल्यात बनलेल्या ब्लॉकला हे जमणार नाही, असे म्हणायचे असेल तर स्पष्ट म्हणा.

आपल्या तिसऱ्या पिस्टनबद्दल मनापासून सहानुभूती आहे, परंतु ते पेट्रोल ८७ ऑक्टेनचे होते (ऑक्टेन जितका जास्त, तितका जास्त दाब पेट्रोल खडखडाटाविना सोसते) आणि हेड घासल्यावर इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतले होते की नाही, हे आपण सोयीस्करपणे सांगितलेले नाही. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ९५ ऑक्टेनचे मानक आहे. ठिणगी वाटणाऱ्या एका दुर्लक्षित डिस्ट्रिब्युटरचा दोष तीस वर्षे हेडच्या माथी मारणे हा अनुभव नव्हे, तो आकस आहे.

घाटमाथा

टायमिंग मागे घेतले होते. किती, ते आठवत नाही. स्टँग्वेलिनीच्या गाडीला वजनाची किमान मर्यादा ४०० किलो होती, आपली पद्मिनी माणसे न बसवता नऊशेच्या घरात जाते. शर्यतीचे इंजिन काही शर्यतींपुरते जगते आणि मग उघडले जाते. आपण दर महिन्याला इंजिन उघडणार असाल तर माझी हरकत नाही.

सोलेक्स

ऑक्टेनचा मुद्दा रेडलाइन यांनी अर्धाच मांडला आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच हिशेबाने इंधन सोडतो, आणि म्हणून मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधले इंधन सोडणारे भोक, व्यासाने साधारण चार टक्के मोठा घ्यावा लागतो, म्हणजे १२० असेल तर १२५. त्याशिवाय पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या हव्यात. गाडी पावसाळ्यात चार महिने उभी राहिली तर इथेनॉल ओलावा ओढून घेते, पाणी टाकीच्या तळाशी बसते आणि मग पत्र्याची टाकी आतून गंजते. माझ्या टाकीतून यंदा गणपतीत जे बाहेर पडले, ते पाहून मिस्त्रींनी हा विहिरीचा गाळ आहे का, असे विचारले.

व्हॉल्व्हच्या सीटांची झीज रोखणाऱ्या शिशाच्या पेट्रोलचे ज्यांना अजूनही उमाळे येतात, त्यांच्यासाठी एवढेच, की हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे त्यात व्हॉल्व्हच्या सीटा मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. कठीण धातूच्या सीटा बसवून घ्या आणि तो विषय २००० सालातच राहू द्या. खरा शत्रू हे इथेनॉल आहे, आणि काही जिल्ह्यांच्या राजकारणासाठी साऱ्या देशाच्या टाक्या गंजवल्या जात आहेत.

पंचगंगाकाठ

'काही जिल्ह्यांच्या' म्हणजे आमच्याच, हे समजण्याइतकी अक्कल ऊस पिकवणाऱ्यांनाही असते. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी आली आणि आठवडाभरात ती अर्धवट सैल झाली. त्या दिवसांत कारखान्यांनी यंत्रसामग्रीसाठी काढलेल्या कर्जाची चिंता कोणी कार्ब्युरेटरवाल्यांनी केली नव्हती. आता तर मक्यासारख्या धान्यापासूनचे इथेनॉल उसापेक्षा पुढे गेले आहे. तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर पत्ता नीट तपासून द्याव्यात.

माझ्या वडिलांची पद्मिनी मीही हेच पेट्रोल घालून चालवतो. नळ्या बदलल्या, जेट बदलला, एकूण खर्च दोन वेळच्या पेट्रोलपेक्षा कमी आला.

सोलेक्स

नळ्या आणि जेट बदलावे लागले, हे आपणच लिहिले आहे. मी याहून वेगळे काय म्हटले होते? आमच्या खिशातून झालेला तो खर्च 'किरकोळ' ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पंचगंगाकाठ

आपण 'शत्रू' म्हटले होते. जेट बदलून मिटणाऱ्या भांडणाला आमच्याकडे शत्रुत्व म्हणत नाहीत.

मूळरूप

इथेनॉलवर धागा वाहून गेला, त्यामुळे मूळ पापाकडे कोणाचेच लक्ष नाही. रेडलाइन यांची गाडी १९७६ ची, म्हणजे पन्नाशीला आलेली आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला 'व्हीए' मालिकेतील व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, परंतु सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, ही अट तेथे आहे. जुळे वेबर आणि रेसिंगचा कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे अधिकाऱ्याला पटवून देण्यास माझ्या शुभेच्छा. अशा धडधाकट गाड्या उरल्या किती? मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

रेडलाइन

व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. मला रविवारी पहाटे ताम्हिणीला जायचे आहे, काचेच्या कपाटात नाही. ती नोंदणी मला नकोच आहे.

कुर्ला पश्चिम

माझे वडील प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इंजिन असेंब्लीला होते. घरी या विषयावर बोलणे काढले की ते एकच प्रश्न विचारत, 'क्रँक तपासला का?' पन्नास वर्षांत या क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, किती वेळा घासले गेले आहेत, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते, आणि मिस्त्री मायक्रोमीटर न लावताच 'चालेल' म्हणतो. रेडलाइन यांनी ब्लॉक उघडला आहे का? बेतात तसे दिसले नाही. कॅमशाफ्टची पैशाची पावती दिसली, क्रँकच्या भेगा तपासल्याची मात्र नाही.

ज्यांना खरोखर ६५०० फेऱ्या हव्या आहेत त्यांच्यासाठी याच कारखान्याने नंतर ११८ एनई काढली होती. तिच्यातील निसानच्या ए१२ इंजिनाला पाच मेन बेअरिंग आहेत. इंजिन बदलताना आरटीओची पूर्वपरवानगी आणि आरसीवरील नोंद मात्र लागेल.

रेडलाइन

दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवायचे असते तर मी पद्मिनी ठेवलीच कशाला असती? असो. ब्लॉक काल उघडला. क्रँक एकदा नव्हे, दोनदा घासलेला निघाला आणि मागच्या जर्नलवर केसाएवढी भेग आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका कारागिराने दुसरा क्रँक शोधून तपासून द्यायचे कबूल केले आहे. घाटमाथा यांना आनंद झाला असेल, तो त्यांनी साजरा करावा. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणार आहे आणि फेऱ्यांची मर्यादा ५५०० वर आणत आहे. कॉम्प्रेशन साडेआठ. वेबर मात्र जुळेच राहतील.

घाटमाथा

साडेआठ आणि ५५०० ला माझा विरोध नाही. ५५ अश्वशक्ती मिळाली तरी मी पहिला अभिनंदन करीन. दोन वेबरांचे ट्यूनिंग दर रविवारी पहाटे चार वाजता करण्याची आपली हौस असेल, तर त्यात मी पडत नाही.

रेडलाइन

मग धाग्याच्या शीर्षकातील 'हट्ट' हा शब्द आता काढावा, ही विनंती.

घाटमाथा

ताकद मोजणाऱ्या डायनोचा कागद येथे लावा, मग शीर्षकाचे पाहू.